तोफेचा जबडा

पंधरा वर्षं प्रांताचं विधिमंडळ गाजवलेला आमदार निवडणुकीत आपटला आणि रेडिओवर सकाळी गप्पा मारू लागला. लोक त्याला ‘तोफ’ म्हणत. एकदा विषय निघाला गिरणीच्या जुन्या संपाचा आणि त्यात लोखंडी गजाने ठेचून मारलेल्या पुढाऱ्याचा.

“तो खून माझ्या मेहुण्याने डोकं फिरून केला,” तोफ माइकवर म्हणाला. “मला पत्ताच नव्हता.”

नऊ वर्षं तुरुंगात काढून आलेला तो मेहुणा काम मागायला स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसला होता. स्पीकरवर हे ऐकताच तो दार फोडून आत घुसला.

“दाजी, गज माझ्या हातात कोणी दिला?”

त्याने माइकचा लोखंडी स्टँड उचलून तोफेच्या जबड्यावर हाणला. दात टेबलावर सांडले. काचेपलीकडचा तंत्रज्ञ प्रक्षेपण बंद करायला धावला, तसा तोफेने हात वर करून त्याला थांबवलं. बहिणीला विधवा करायलाही न कचरणारे मेहुण्याचे ते डोळे पाहून तोफेच्या अंगातली सगळी वक्तृत्वकला गळून पडली होती.

“मी दिला,” तो रक्त थुंकत म्हणाला. “मीच सांगितलं, मार म्हणून.”

मेहुण्याने स्टँड खाली टाकला.

खटला पुन्हा उभा राहिला. जबडा वाकडाच जुळल्यामुळे कोर्टात तोफेचं बोलणं कोणालाच धड कळेना. पण उभ्या प्रांताने ते आधीच ऐकलं होतं.