लीनाबाईचा सेंट

हिंगणघाटच्या त्या गल्लीत हळदीकुंकू कोणाकडेही असो, अत्तर लावायचं काम कोकिळेचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण बदलायची कोणाची छातीही नव्हती. एकीनं हळद लावावी, दुसरीनं कुंकू, घरधनिणीनं तिळगूळ द्यावा आणि शेवटी कोकिळेनं चांदीची काडी अत्तरदाणीत बुडवून प्रत्येकीच्या पालथ्या हातावर एक ओली रेघ ओढावी, असा रिवाजच पडून गेला होता. अत्तरही तिच्याच घरचं. कनौजचा एक म्हातारा अत्तरवाला दर दिवाळीआधी पत्र्याची पेटी घेऊन यायचा. बाकीच्या बायकांसाठी तो वरची बाटली उघडायचा, कोकिळेसाठी तळातली. बाई नाकानं कांदे सोलते असं मागून म्हणणाऱ्यासुद्धा तिच्यासमोर आधी हात पुढे करायच्या.

नाक होतंच तिचं तसं. शेजारच्या घरात फोडणीला हिंग जास्त पडला तर ही इकडून सांगायची. आणि दैव असं, की या बाईला नवरा मिळाला तो रूपरावांसारखा. माणूस देवमाणूस. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम, कसलं व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली तरी बायकोच्या अंगाला काही वास येतो, हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. नवी नवरी होती तेव्हा ती अत्तर लावलेलं मनगट त्यांच्या नाकाशी न्यायची. ते श्वास घ्यायच्या आधीच म्हणायचे, "बरा आहे." हिना असो, वाळा असो, मोगरा असो, सगळं बरंच. लागलेली डाळ ते मुकाट्यानं खायचे. एकदा स्टोव्हवरचं दूध तळाला लागून करपत होतं आणि हे हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, असा नवरा शोधून मिळायचा नाही. कोकिळेला त्या नशिबाचाच राग यायचा. तिला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, या माणसानं जाता जाता थांबावं आणि विचारावं की आज काय लावलं, एवढंच हवं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर समोरच्या घरात बँकेचे नवे साहेब राहायला आले. श्रीधर त्यांचं नाव, आणि बायको लीना. लीना तिशीची, उंच, बोलायला गोड, पण नव्या गावात बुजलेली. तिचा भाऊ जहाजावर होता. त्यानं तिला परदेशातून एक सेंट आणून दिला होता. काळी चौकोनी बाटली, वर काचेचं बूच, आणि नाव असं की गल्लीतल्या एकीलाही वाचता येऊ नये.

तो सेंट बाटलीत राहणाऱ्यातला नव्हता. लीना बाजारात गेली की अर्ध्या तासानं कोणीही सांगावं, बाई इथून गेली. गल्लीत लगेच दोन तट पडले. रुख्माबाई म्हणाल्या, डॉक्टरच्या पेटीत कोणी लवंगा सांडल्यासारखा वास आहे. मंदाबाईचं डोकं दुखायला लागलं. तिचं म्हणणं, देवघरात बसून कोणी बिडी ओढावी तसलं काहीतरी आहे ते. शाळेत शिकवणाऱ्या सुलोचनाबाईंनी मात्र डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, बाई पुढं जाते आणि वास मागं उभा राहतो, याला म्हणतात ऐट. मग सगळ्यांनी कोकिळेकडे पाहिलं, कारण शेवटचा शब्द तिचा.

"फिनेल," कोकिळा म्हणाली.

बायका हसल्या. पण कोकिळा खोटं बोलली होती, आणि ते तिला त्याच क्षणी माहीत होतं. पहिल्याच दिवशी लीनाचा रुमाल दारात पडला होता, तो परत द्यायच्या आधी तिनं तासभर पदराखाली ठेवला होता. आधी लिंबाच्या सालीसारखा चावरा वास आला, मग कसलंसं दाट पांढरं फूल, आणि ते विरलं तेव्हा खाली लवंग, जुनं लाकूड आणि ऊन लागलेलं अंग. असा वास कनौजच्या म्हाताऱ्याच्या तळातल्या बाटलीतही नव्हता. अठरा वर्षं जपलेला मान परक्या बाईच्या एका बाटलीनं पुसून टाकला म्हणून कोकिळेच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

तरी ते एक वेळ सोसलं असतं. पण डिसेंबरात एका संध्याकाळी ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. रूपराव जिनिंगमधून आले, सायकल हातात धरून. अंगावर, भुवयांवर, कानांत कापसाचं तूस. समोर लीना नुकतीच आवरून दाराला कडी लावत होती. ती निघून गेली, आणि रूपराव तिच्या रिकाम्या दारासमोर थांबले. डोळे मिटले, नाक वर केलं, आणि उभेच राहिले. चांगली दोन मिनिटं. मग घरी येऊन हातपाय धुतले आणि विचारलं, भाजी कशाची आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लीना घरातच होती, दार उघडं होतं, तर यांनी सायकलची चेन पडल्याचं निमित्त केलं. चेन पडलीच नव्हती. कोकिळेनं डोळ्यांनी पाहिलं. तिला नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं. लीनाचं काही चुकत नव्हतं, ती तर मान वर करूनही पाहत नव्हती. म्हणूनच जास्त चीड येत होती. भांडायलासुद्धा जागा नाही. त्या रात्रीपासून कोकिळेनं हिना दुप्पट लावायला सुरुवात केली, उशीलाही लावला. रूपराव त्या उशीवर डोकं टेकून घोरू लागले. हिनाला ओळख न देणारा माणूस फिनेलला समाधी लावून उभा राहतो, हे तिच्या जिव्हारी लागलं.

संक्रांतीनंतर लीनानं हळदीकुंकू मांडलं. नव्या गावातलं पहिलंच, म्हणून तिनं घरोघर जाऊन आमंत्रण दिलं आणि कोकिळेच्या हातात हात घालून म्हणाली, "अत्तराचं तुम्हीच बघा हं ताई, मला सगळे सांगतात तुमच्याशिवाय होत नाही." कोकिळा बरं म्हणाली. ऐन वेळी दोघीतिघी म्हणाल्या, ती काळी बाटली पाहू तरी दे, तेव्हा लीनानं ती आणून दाखवली आणि अत्तरदाणीशेजारी, हळदीकुंकवाच्या ताटातच ठेवून दिली. शोभेला म्हणून.

झालं. त्या गल्लीत एक रीत होती, आणि ती लीनाला कोणी सांगितलेली नव्हती. ताटात आलं ते सवाष्णींचं. ते परत कपाटात जात नाही. कोकिळेनं बाटलीकडे पाहिलं, चांदीची काडी बाजूला ठेवली आणि कापसाचा चांगला लिंबाएवढा बोळा करून घेतला. काचेचं बूच निघालं आणि ओटीवर बसलेल्या बायकांच्या माना एकदम वळल्या.

"आज बाईंच्या घरचं अत्तर आहे," ती म्हणाली. "दोन्ही हात पुढं करा."

चाळीसेक बायका होत्या. कापूस कसला अधाशी, ओतावं तेवढं पितो. कोकिळा बाटली कलती करायची, बोळा भिजवायची आणि पालथ्या हातावर रेघ नव्हे, पट्टा ओढायची. मंदाबाई नको नको म्हणत होती, तिच्या कोपरापर्यंत लावलं. लीना आधी हसली. मग तिचं हसू कमी कमी होत गेलं. पंधराव्या बाईला ती हळूच म्हणाली, थोडं थोडं लावलं तरी चालेल ताई.

"हळदीकुंकवाले हात आखडता घेत नाई, बाई," कोकिळा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

शेवटच्या रुख्माबाई झाल्या तेव्हा बाटली उताणी केली तरी थेंब पडेना. सुलोचनाबाई म्हणाल्या, अगं कोकिळे, तुझे हात राहिले. कोकिळा म्हणाली, मले नाई सोसत. घरी आल्याबरोबर तिनं बोटं राखेनं घासली, मग चिंचेनं, मग बेसनानं, आणि लुगडं बादलीत बुडवलं. मनाला अशी गार झुळूक लागली होती की काय सांगावं. उद्यापासून त्या दारात थांबायला काही उरलं नव्हतं.

दिवेलागणीला रूपराव आले. आज ते गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरले होते. खिडकीतून कोकिळेनं पाहिलं, तर हा बेचाळीस वर्षांचा माणूस जत्रेत आलेल्या पोरासारखा या दारासमोर थांबत होता, त्या दारासमोर थांबत होता, आणि चेहरा असा उजळलेला की तिनं तो लग्नातही पाहिला नव्हता. घरात आले, खांबाला टेकले, इकडे तिकडे नाक फिरवलं.

"सगळ्या गल्लीत वास येऊन राह्यला," ते म्हणाले. "आपल्याच घरात काऊन नाई?"

मग मात्र कोकिळेचा बांध फुटला. महिनाभराचं साचलेलं ती बोलली. दारात थांबणं, खोटी चेन, उशीवरचं घोरणं, सगळं काढलं. मी अठरा वर्षं लावून राह्यले, म्हणाली, ते तुमाले कधी दिसलं नाई, अन् त्या बाईच्या दारात तुमची समाधी लागते.

रूपराव खाली बसले. बराच वेळ कानातलं तूस काढत राहिले.

"मले वास येत नाई," ते म्हणाले.

"कशाचा?"

"कशाचाच नाई. तुह्या-माह्या लग्नाच्या आधी जिनिंगमध्ये दोन सीझन केले, त्यातच नाक गेलं. तुसानं." आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मुकादमाले नाक लागते. कापसाच्या गंजीत आग आतून धुमसते, डोळ्याले दिसत नाई, वासानं कळते. मालकाले समजलं असतं तर काम गेलं असतं. पोट्ट्यांले मी मुद्दाम विचारतो, काही वास येऊन राह्यला का रे. त्यायले वाटते मुकादम परीक्षा घेते. तुले सांगितलं असतं तर तू गल्लीत बोलली असती, म्हणून नाई सांगितलं."

ती बोलली असती. हे खोटं नव्हतं.

"त्या दिवशी त्या दारात काहीतरी आलं," रूपराव म्हणाले. "नाकाच्या पार वर, बारीकसं. आधी समजलंच नाई काय आहे ते. मग समजलं, वास आहे. इतक्या वर्सानं. त्या बाईचं तोंड कसं आहे, मले विचारशील तर सांगता नाई येणार." मग म्हणाले, "मले वाटलं होतं तुले सांगावं, तसा एखादा घेऊ. तुह्या हाताले लावला असता तर तुहा वास आला असता मले."

कोकिळेनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. राखेनं घासून लाल झालेले, आणि कशाचाही वास नसलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती समोर गेली. लीना ओटीवर एकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. कोकिळेनं बाटली मागितली. कशाला, हे लीनानं विचारलं नाही. आत गेली, बाटली आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

"परवा भरलेली मागितली असती तरी दिली असती ताई," ती म्हणाली. "भाऊ आता दोन वर्षांनी येईल."

कोकिळेला माफी मागायची होती. ती तशीच घरी आली. बाटलीत चमचाभर पाणी घालून खळखळ हलवलं आणि ते पाणी दोन्ही मनगटांवर चोळलं. तिला स्वतःला वास आला, लवंगेचा, लाकडाचा, अगदी स्पष्ट. संध्याकाळी रूपराव आल्याबरोबर तिनं मनगट त्यांच्या नाकाशी धरलं. तिला वाटलं, म्हणतील, बरा आहे. पण त्यांनी या वेळी डोळे मिटले, एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, तिचा हात दोन्ही हातांनी धरून तिसऱ्यांदा घेतला.

"नाई आला," ते म्हणाले.

"मीच संपवला तो," कोकिळा म्हणाली. "तुम्ही तिच्या दारात थांबले म्हणून."

रूपरावांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गल्लीतला वास चार दिवसांत विरला. मंदाबाईचं डोकं दुखायचं थांबलं, रुख्माबाई म्हणाल्या, सुटलो. रूपराव मात्र अजूनही जिनिंगमधून येताना समोरच्या दाराशी सायकल हळू करतात, नाक वर करून जरा उभे राहतात. बायका कोकिळेला खुणावतात, बघ गं, तुझा नवरा. कोकिळा खिडकीतच असते. तांदळाचं ताट मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे पाहत राहते आणि मनातल्या मनात म्हणते, जाऊ नका, अजून थोडं थांबा, येईल.