बसून राहिलेले मत

मित्रांनो, ओस्टरविलच्या शाळेच्या तळघरात, बॉयलरमागे भिंतीला टेकून ठेवलेली ती गंजकी लोखंडी खुर्ची म्हणजे मी. घडीची आहे, पण आता माझी घडी नीट उघडतही नाही. माझ्यावर कोणी बसत नाही याचे मला फारसे वाईट वाटत नाही. मनात सलते ती दुसरीच गोष्ट.

आम्ही दोनशे जणी एकाच ट्रकमधून अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात आलो. तेव्हा माझा करडा रंग चकाकत होता. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलचे सामने झाले, लग्नाच्या मेजवान्या झाल्या, दफनानंतरची जेवणे झाली. सगळीकडे आम्हीच असायचो. पण आमचा खरा मान दर चार वर्षांनी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत यायचा. त्या संध्याकाळी पक्षाची माणसे जिममध्ये जमत आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार कोण, ते ठरवत. याला इथे कॉकस म्हणतात. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, तेही सगळ्या गावादेखत.

मला ते फार आवडायचे, खोटे कशाला बोलू? ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशालाही इथे एक कोपरा मिळे. शेजारी शेजाऱ्याशी तासभर वाद घाली आणि नंतर त्याच्याच गाडीतून घरी जाई. पण या पद्धतीत खोटही होती. बँकेचे साहेब एखाद्या कोपऱ्यात उभे राहिले की काहींचे पाय आपोआप तिकडे वळत. आणि सात वाजले की बाहेरची रांग बंद. वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी करणारी जॅनेल तीस वर्षांत एकदाही येऊ शकली नाही.

जॅनेलची आई व्हर्ला चाडेन. याच शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे राबलेली बाई. त्यांच्या हातचा चिली नावाचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल खाऊन गाव मोठे झाले. चाडेनचे स्पेलिंग टी अक्षराने सुरू होते, म्हणून सारे त्यांना मिसेस टी म्हणत. नवरा असेपर्यंत त्या त्याच्या मागे गुपचूप उभ्या राहत. तो गेला, गुडघेही गेले. तरीही त्र्याऐंशीव्या वर्षी त्या शेजारच्या ड्वेनच्या गाडीतून कॉकसला आल्या. बास्केटच्या जाळीखाली ड्वेनचा गट जमला होता. त्याने मला उघडले आणि त्यांना माझ्यावर बसवले.

त्यांचा उमेदवार दूरच्या एका लहान राज्याचा गव्हर्नर होता. खेड्यांतले दवाखाने बंद पडू देणार नाही, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. आपल्या तालुक्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यापासून मिसेस टींना दुसरे काही सुचत नव्हते.

त्या रात्री एकशे चाळीस माणसे होती. नियम असा, की शंभरात पंधरा नसतील तो गट मोडायचा आणि त्यातल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. म्हणजे एकवीस हवेत. ड्वेनकडे होते वीस.

तेवढ्यात मिसेस टींनी समोरून जाणाऱ्या, दुसऱ्या गटातल्या तरुण ट्रेंटला हाक मारली. "ए ट्रेंट, इकडे ये. बायकोला कितवा?"

"सातवा, मिसेस टी."

"रस्त्यावर बर्फ असलं आणि मध्येच कळा सुरू झाल्या, तर पन्नास मैल नेशील तिला? पोहोचशील?"

ट्रेंटने टोपी काढली. ती हातात चुरगाळत तो सगळ्या जिमसमोर आपला कोपरा सोडून आमच्यात आला. मिसेस टी आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत बोलल्या होत्या. मला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

मग मोजणी सुरू झाली. आमच्याकडची रीत अशी, की सगळ्यांनी उभे राहायचे आणि आपला आकडा पुकारून खाली बसायचे. ग्रंथालयातली मार्लिस मोजत होती. गोंगाटात कानातले ऐकण्याचे यंत्र शिट्ट्या मारू लागले, म्हणून मिसेस टींनी ते काढून पर्समध्ये टाकले होते. शेवटचा माणूस बसला तेव्हा आकडा झाला वीस.

"पुन्हा मोज, मार्लिस!" ड्वेन ओरडला.

सगळे पुन्हा उठले. मिसेस टी उठू शकत नव्हत्या. आकडा पुन्हा वीसच.

"दारात तर एकशे चाळीस नोंदले होते," मार्लिस म्हणाली. "एक जण कमी भरतोय."

"कोणीतरी घरी गेलं असेल. उरका आता!" मागून कोणी तरी म्हणाले.

मित्रांनो, मी जीव तोडून करकरले. पण खुर्चीच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतो?

गट मोडला. ट्रेंट आपल्या जुन्या कोपऱ्यात गेला, तर तिथे हशा पिकला. "आलास परत? जेवायला घातलं नाही वाटतं त्यांनी!" मिसेस टींनी सगळ्यांचे पडलेले चेहरे पाहिले आणि कोट चढवला. "मला घरी सोड रे, ड्वेन. आता दुसरीकडे कुठं जाऊन बसू?"

त्यांना सोडून ड्वेन परत आला तो खुर्च्या आवरायला. माझ्यावर त्यांचा लोकरी हातमोजा राहिला होता. तो उचलता उचलता ड्वेन थबकला.

"मार्लिस, मिसेस टींना मोजलं होतंस?"

"त्या तर बसल्या होत्या ना, मला वाटलं आकडा पुकारून..." मार्लिसने मोजणीचा कागद पुन्हा उलगडला. निकाल फोनवरून कधीच कळवून झाला होता.

ड्वेनने हातमोजा पोहोचवला, पण खरे सांगायची त्याची छाती झाली नाही. चार वर्षांनी तो त्यांना आणायला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा. आपल्या बाजूला माणसंच कुठं असतात?" ते त्याने मार्लिसला सांगितले, मला घट्ट धरून. त्याच उन्हाळ्यात मिसेस टी गेल्या.

आता कॉकसऐवजी गावात टपालाने मताची कार्डे येतात. जॅनेल चहाच्या सुट्टीत कार्ड भरते. तिलाही मत मिळाले, हे फार चांगले झाले. मात्र ट्रेंटसारखा कोणी आता जिम ओलांडून येत नाही, आणि आम्हाला कोणी वर नेत नाही.

मला रंग लावा, असा हट्ट मी धरत नाही. फक्त तुमच्यावर माणसे मोजायची वेळ आली, तर जे बसलेले दिसतील त्यांच्यापाशी थांबा, वाका, आणि त्यांना विचारा. मिसेस टी कुठेही गेल्या नव्हत्या. दोन्ही वेळा त्या माझ्यावरच बसल्या होत्या, हात वर करून.