मुकी पेटी

"मावशी, आज ह्या पेटीला हात लावायचा न्हाय. जळू दे, मरू दे, तुमी आपल्या सुताच्या कांड्या भरा," हिंदुरावानं सकाळी सातलाच काशम्माला बजावलं.

"न्हाय लावत की, विंजनेर," काशम्मा म्हणाली. "पण ती चालतीया का मेली, ते कसं कळायचं?"

ह्याच प्रश्नानं दोन दिवस त्याचं डोकं उठवलं होतं.

पेटी म्हणजे कॉम्प्युटर. एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात सोलापुरात हा शब्द उच्चारला की लोक आधी हसत आणि मग किंमत विचारत. हिंदुराव माढ्याकडचा. सात रस्ता चौकातल्या एका दुकानात लोकांचे रेडिओ दुरुस्त करून तो विटला होता. पुण्याहून सुटे भाग आणून पाच महिने खपून त्यानं ही पेटी बांधली होती. चादरीच्या नक्षीला कोणत्या रंगाचं सूत किती लागेल, ते ती सांगणार होती. चादरीच्या कारखान्याचे मालक सिद्धलिंगप्पा यांनी सरळ शब्द दिला होता: मागांच्या मधोमध पेटी ठेवायची, सात ते तीन अशी एक अख्खी पाळी न थांबता चालवून दाखवायची. चालली तर पेटीही इथंच आणि हिंदुरावही इथंच. मुदत तीन दिवस.

मुदत सुरू व्हायच्या आधी त्यानं पेटीला पंखा लावून ती कारखान्यात ठेवून बघितली होती. कारखान्यातल्या हवेत सुताचे तंतू असे उडत की चार दिवसांत पंखा गच्च झाला. दुसराही तसाच गेला. मग त्यानं इरेला पेटून पंखाच काढून टाकला. अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा कापून, घासून त्याच्या पट्ट्या पेटीला चहूबाजूंनी बसवल्या. पेटी साळिंदरासारखी दिसायला लागली, पण आतली उष्णता आपोआप बाहेर जाऊ लागली. आकड्यांचे लाल दिवेही तापतात म्हणून तेसुद्धा हिशेब पुरा होईपर्यंत बंद ठेवले. आवाज नाही, हालचाल नाही, उजेड नाही. हिंदुरावाला त्या शांततेचा केवढा अभिमान वाटला होता!

त्या शांततेनंच त्याचा घात केला. माग अडकला आणि बटण चालू राहिलं तर मोटर जळते, म्हणून मालकांचा नियम होता: गप्प मशीन दिसलं की आधी बटण बंद, मग चौकशी. तीस वर्षं कांड्या भरणाऱ्या काशम्माला चाळीस मागांतला कोणता गप्प झाला ते पाठमोरी बसूनही कळे. पहिल्या दिवशी अकरा वाजता तिनं इमानदारीनं पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी हिंदुरावानं 'बंद करू नये' असा कागद चिकटवला. काशम्माला वाचता येत नव्हतं. दीड वाजता तो चहाला गेला आणि तिचा हात सवयीनं बटणावर गेला. तेव्हा तो सगळ्यांदेखत तिच्यावर असा ओरडला की माग चालू असूनही ते चार जणांना ऐकू गेलं. मालकांनीही तिला सुनावलं, "पुन्हा हात लावलास तर घरी बस."

आज शेवटचा दिवस. हिंदुराव स्टूल टाकून पेटीपाशीच बसला. चहा नाही, जेवण नाही. दर पाच मिनिटांनी पट्ट्यांना हात लावून बघायचा: गरम. म्हणजे चालू आहे. पण दुपारी दोनला छपराचा पत्रा असा तापला की मागाचं लोखंड गरम, स्टुलाचा पाय गरम, सगळंच गरम. आता पट्ट्यांच्या उबेला काय अर्थ राहिला? त्यानं पेटीला कान लावला. भोवती चाळीस माग खडखडत होते आणि पेटीत काहीच नव्हतं. मेली असेल का? कधीची? आपण मढ्याची राखण करत बसलोय का?

तीनला नऊ मिनिटं कमी असताना त्याला राहवलं नाही. त्यानं आकडा दाखवायची कळ दाबली.

लाल आकडे लखकन उजळले. पेटी जिवंत होती. सकाळपासून एकदाही न चुकता ती थेट शेवटाजवळ पोचली होती. आणि कळ दाबली की हिशेब जागीच थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो, हे हिंदुरावाइतकं साऱ्या सोलापुरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

तीनचा भोंगा झाला. मालक आले, थांबलेले आकडे बघितले आणि गर्रकन वळले. "काशम्मा! पुन्हा?"

काशम्मानं मान वर केली. तिनं हिंदुरावाकडे बघितलं. गप्प बसलं तर मालक आणखी एक दिवस देतील, हे त्याच्या मनात आलं. त्याची त्याला लाज वाटली.

"तिनं न्हाय. मी दाबली," तो म्हणाला. "चालू हाय का बघायला."

सिद्धलिंगप्पा त्याच्याकडे वळले. "तुझाच तिच्यावर इश्वास न्हाय, तर माझ्या माणसांनी कसा ठेवायचा? घेऊन जा."

हिंदुरावानं पेटी खांद्यावर घेतली. पट्ट्या मानेला चरचरल्या. दारात काशम्मानं त्याला थांबवलं, स्वतःच्या डोक्यावरच्या फडक्याची घडी करून पेटीखाली सारली.

"लई भाजंल," ती म्हणाली. मग अवघडून पुढं बोलली, "तिला कायतरी टकटक करायला लाव की रं. मुकं जनावरबी शेपूट हलवतं."

हिंदुराव उन्हात उतरला. संताप संताप झाला होता त्याचा. एक छोटासा टकटक्या बसवायला दुकानात अर्धा तास पुरला असता, आणि पाच महिन्यांत त्याला ते सुचलं नव्हतं.