डावीकडून तिसरी

बारकीने दार उघडलं तेव्हा आईचा फोन घरातच वाजत होता. लिफ्टमधून वर येता येता तो तिनेच लावला होता. दुपारपासून ती लावतच होती, आणि आई झोपली असेल अशी स्वतःची समजूत घालत होती. आता उशीखाली तो गुदमरल्यासारखा थरथरत होता.

"आई?"

दोन खोल्यांच्या घरात शोधायचं तरी किती? न्हाणीघर रिकामं, गॅलरी रिकामी. चष्मा पलंगावर, किल्ली खिळ्याला. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं. तिने झाकण उचललं. भाताचं शीतही हललेलं नव्हतं. ताटाशेजारी इन्सुलिनचं पेन पडलं होतं, आणि वापरलेली सुई आईने नेहमीप्रमाणे जुन्या बाटलीत टाकली होती.



ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. इन्सुलिन कोणासाठी थांबत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. माणूस जेवला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम फुटतो, मग हात कापतात, मग माणूस भलतंच बोलू लागतो. मग बोलेनासा होतो. आईने सुई टोचून घेतली होती आणि घास तोंडात घालायच्या आधी ती घराबाहेर पडली होती. कशासाठी?

ओट्याखालची कचऱ्याची बादली जागेवर नव्हती.

कचरा दुपारच्या आत मागच्या शेडमध्ये टाकायचा, नाहीतर दंड बसतो. हेही बारकीनेच सांगितलं होतं. आणि आपण बाहेर पडलो की दार आपोआप लागतं, हेसुद्धा.

तिने साखरेचा डबा उचलला, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि धावत सुटली.

आई आठवड्यापूर्वी आली होती. तिचं तोंड म्हणजे उताराला लागलेली गाडी. स्टेशनवरून घरी येताना टॅक्सीत मागे बसली आणि सुरू झाली. मुलगी एकटीच राहते हो, अकराव्या मजल्यावर, सकाळी उजाडायच्या आत कामाला जाते, दिवसभर घरात मी एकटीच असणार, गुडघ्यांनी तर दगा दिलाय. टॅक्सीवाला बापडा हुं हुं करत होता. बारकी कोपराने ढोसत होती, पण आईने उलट विचारलं, "काय गं, टोचतेस का?"

घरात शिरल्या शिरल्या बारकीचा बांध फुटला. "आता फक्त तिजोरीची किल्ली द्यायची राहिली त्याला! आई, हे आपलं गाव नाही. इथे पत्ता विचारला तर सांगायचा नाही. एकटी आहे म्हणायचं नाही. कुणी काही खायला-प्यायला दिलं तर घ्यायचं नाही. मुलीने पाठवलंय असं कुणी म्हणालं, तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. कळलं?"

"बोललं तर चालेल का, की तेही नाही?"

"चेष्टा नाही, आई. तुझ्या तोंडापायी एखाद्या दिवशी माझ्या जिवावर बेतेल."

हे वाक्य जरा जास्तच झालं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.  दुसऱ्या दिवशी खाली फिरताना समोरून येणाऱ्या बाईकडे बघून आई नुसती हसली, आणि मग बारकीकडे बघून हसूही आवरलं. बारकीला वाटलं होतं, चला, कानाला खडा लावला एकदाचा.

घराची खूणही बारकीने पाठ करून घेतली होती. नऊ इमारती एका रांगेत, सगळ्या राखाडी, एकीसारखी दुसरी. नंबर पार वर रंगवलेले. चष्म्याशिवाय आईला ते दिसणं शक्य नव्हतं. "डावीकडून तिसरी. लिफ्टमध्ये अकरा दाब. बाहेर पडलीस की डाव्या हाताचं तिसरं दार." आईने ते पाढ्यासारखं म्हणून दाखवलं होतं.

शेडपाशी मागचा म्हातारा रखवालदार स्टुलावर बसला होता.

"काका, एक वयस्कर बाई, हातात निळी बादली—"

"आल्या होत्या ना! तुमच्या कोण त्या?"

"आई. कुठे गेली?"

"अहो ताई, काय बाई आहेत! कचरा टाकून गेल्या, आणि थोड्या वेळाने परत आल्या. म्हणे दार लागलंय, किल्ली आत राहिलीय, दुसरी आहे का तुमच्याकडे. म्हटलं, कुठली इमारत, कुठलं घर? तर म्हणे, ते सांगता यायचं नाही." तो हसला. "म्हटलं, आजी, पत्ता सांगितल्याशिवाय दार कसं उघडू, मंत्र म्हणून? तर म्हणाल्या, मुलीने बजावलंय. पोलिसांनी उलटं टांगलं तरी बोलणार नाहीत."

"ती बरी होती का? हात कापत होते का?"

त्याचं हसू मावळलं. "घाम खूप आला होता. म्हणून मी माझा चहा पुढे केला. गोड मिट्ट असतो माझा. त्यांनी कपाकडे बघितलं, पण घेतला नाही. म्हणाल्या, नको हो, बाहेरचं चालत नाही मला. मी आपली दारात बसते, मुलगी येईल."

बारकीने शेडच्या खांबाला धरलं. तो कप. एवढासा कप.

"पण ती दारात नाही, काका! मी आत्ता तिथूनच आले."

"याच रस्त्याने गेल्या बघा," त्याने बोट दाखवलं.

बारकीने मान वळवली. समोर इमारतींच्या पाठी उभ्या होत्या. कपडे, पाइप, एसीच्या यंत्रांचे डबे. तिने डावीकडून मोजायला सुरुवात केली, आणि तिसरीवर ती थबकली. खूण तिने पुढच्या फाटकातून सांगितली होती. आई मागच्या दाराने बाहेर पडली होती. इथून बघितलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं. डावं ते उजवं. इथून डावीकडची तिसरी म्हणजे सातवी इमारत. शाळेतल्या पोरालाही सुचेल अशी गोष्ट, आणि विज्ञान शिकलेल्या बारकीला ती सांगायची सुचली नव्हती. आईने मात्र सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं.

"काका, अँब्युलन्स बोलवा! सातव्या इमारतीला, अकराव्या मजल्यावर!"

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती, की तिला तसं वाटत होतं. दार उघडलं. डाव्या हाताला तिसऱ्या दारात, रिकामी बादली मांडीवर घेऊन, आई भिंतीला टेकून बसली होती. तोंड पांढरंफटक, पदर घामाने भिजलेला.

"आई!"

आईने डोळे उघडले. नजर बारकीवरून घसरत गेली, कुठेच ठरली नाही.

"आई, मी आहे. तोंड उघड. साखर आहे."

"नको," आई जड जिभेने म्हणाली. "कोण तुम्ही?"

"मी बारकी!"

"माझी मुलगी कामावर आहे." तिने ओठ घट्ट मिटले. "कुणाचं काही घ्यायचं नाही."

बारकीने ओळीने सगळ्या दारांवरच्या घंटा दाबल्या. एकही दार उघडलं नाही. या वेळी या शहरात घरात कोण असतं? ती परत येऊन गुडघ्यांवर बसली. पाणी पाजायची सोय नव्हती, ठसका लागून श्वासात गेलं असतं. तिने तळहातावर साखर घेतली, चार थेंब टाकून कालवली आणि बोटाने आईच्या ओठाच्या आत, हिरडीवर चोळायला लागली. आईने मान झटकली. बादली गडगडत गेली. मग आई तिला कडकडून चावली.

बारकीने बोट काढलं नाही. "चाव," ती म्हणाली. "चाव हवं तेवढं." दुसऱ्या हाताने ती साखर आत सारत राहिली. आई रडत होती, अनोळखी माणसासमोर रडावं तशी, आवाज न करता. "मुलीला सांगीन मी," असं काहीतरी म्हणत होती. बारकी म्हणाली, "सांग. जरूर सांग तिला." बोटातून आलेलं रक्त साखरेत मिसळत होतं.

किती वेळ गेला ते तिने बघितलं नाही. कधीतरी जबडा सैल पडला. आईने ओठ चाटले, गिळलं, परत ओठ चाटले.

"बारके," ती म्हणाली. "तू लवकर कशी आलीस गं?"

बारकीने आणखी चिमूटभर साखर तिच्या जिभेवर ठेवली.

"दार लागलं बघ. आणि तो रखवालदार, किती खोदून खोदून विचारलं त्याने." थकलेल्या चेहऱ्यावर अभिमानासारखं काहीतरी उमटलं. "पण मी काही पत्ता लागू दिला नाही."

तेवढ्यात लिफ्ट उघडली. हातात सामानाची पिशवी घेतलेली एक बाई आपल्याच दारात बसलेल्या या दोघींकडे बघत थबकली. "कोण हवंय?"

"आम्ही तिसऱ्या इमारतीतल्या," बारकी घाईघाईने म्हणाली. "अकरावा मजला, असंच तिसरं दार. मी एकटी राहते, ही माझी आई, साखर उतरलीय तिची, दूध मिळेल का थोडं, गोड करून—"

आईने तिच्या मांडीला चिमटा काढला. "सगळं काय सांगतेस?"

बाई पिशवी तिथेच टाकून आत धावली आणि पेला घेऊन आली. आईने पेल्याकडे बघितलं, मग बारकीकडे. खेळायला जाऊ का, असं विचारणाऱ्या पोरीसारखं तिने विचारलं, "घेऊ का गं?"

"घे, आई."

आई दोन्ही हातांनी धरून प्यायली. खाली कुठेतरी अँब्युलन्सचा भोंगा जवळ येत होता. अर्धा पेला झाल्यावर तिने मान वर केली, त्या बाईकडे बघितलं आणि सवयीने सुरुवात केली, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो—"

आणि थांबली. हात तोंडावर गेला.

"विचार ना, आई," बारकी म्हणाली. "विचार."

आईने नाही म्हणून मान हलवली आणि उरलेलं दूध गुपचूप पिऊ लागली.