चालण्यातला जाणकार

थोरल्याला चालण्याचं वेड लागलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि साधारण तेवढीच वर्षं धाकटीला त्याच्या चालण्याचा वीट आला होता. धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. समोरच्या खोलीत मशीन टाकून ती शाळांचे गणवेश शिवायची. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. सासू तिच्याकडेच. थोरला पुढच्या चौकात वेगळा राहायचा आणि रोज सकाळी पाच-सात जणांचं टोळकं मागे घेऊन खिडकीवरून जायचा. पांढरेशुभ्र बूट, कपाळाला पट्टी, आणि हात असे फेकायचा की जणू रस्ता त्याच्या बापाचा. जाता जाता आत आरोळी टाकायचा, "आई, चालतेस ना?" उत्तराला मात्र थांबायचा नाही. थांबलं की नाडीचा वेग पडतो म्हणे.

आई चालत नव्हती. बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाडही जुळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता रोज चालायचं, कुणाचा तरी हात धरून. गादीवर पडून राहिलात तर पुढे उठताच येणार नाही." धाकटी रोज शिलाई बाजूला ठेवून हात पुढे करायची आणि म्हातारी रोज तो झिडकारायची.

"तू दिवसभर बसून पाय हलवणारी. तुला काय कळतंय त्यातलं? थोरला येईल, त्याच्याबरोबर चालेन. तो जाणकार आहे."

जळो तो जाणकार, असं धाकटीच्या ओठांवर यायचं. दातात धरलेल्या टाचणीमुळे ते आतच राहायचं. पण अंग पुसून देताना सासूच्या सुकत चाललेल्या पोटऱ्या तिला दिसत होत्या आणि त्या बघून तिला खरोखर भीती वाटायची. उद्या ही बाई कायमची अंथरुणाला खिळली, तर तिला कुशीवर वळवायला जाणकार येणार नव्हता.

शेवटी एका सकाळी ती गळ्यातल्या टेपसकट रस्त्यावर उतरली आणि थोरल्याच्या बरोबरीने चालू लागली. तो खूश झाला. त्याला वाटलं, सुधारली.

"बघ, रोज चाललं की रक्तदाब ताब्यात राहतो," त्याने लगेच सुरू केलं. "साखर उतरते. हृदय मजबूत होतं, झोप लागते, मन प्रसन्न राहतं. म्हातारपणी तर चालण्यासारखं औषध नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि धाकटीला राग त्याचाच येत होता.

"म्हणूनच आले, भावजी. आईंना पलंगापासून दारापर्यंत न्या. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात धरत नाहीत त्या. पाच मिनिटांचं काम."

"आत्ता? लय मोडेल माझी. शिवाय इतक्या हळू चालण्याचा शरीराला काही फायदा नसतो."

"तुमच्या शरीराला नसेल. मी त्यांच्या शरीराचं बोलतेय."

मागचं टोळकं कान टवकारून ऐकत होतं. त्यांच्यादेखत काखा वर करणं थोरल्याला जड गेलं. "रविवारी येतो," तो म्हणाला आणि त्याने वेग वाढवला. उंटावरून शेळ्या हाकणारा सहजासहजी खाली उतरत नाही, हे धाकटीला ठाऊक होतं. तरी तिने घरी जाऊन सासूला सांगितलं. रविवारी म्हातारीने उजाडताच केस विंचरून घेतले, ठेवणीतले कपडे घातले आणि ती पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसली.

थोरला आला. पुढच्या चौकातून स्कूटरवर आला. खुर्चीत रेलून त्याने पाय लांब पसरले आणि तोंड उघडलं. टाच आधी टेकवावी की चवडा, पाणी चालण्याआधी प्यावं की नंतर, टोळक्यातल्या कुणाकुणाची साखर त्याच्यामुळे उतरली. म्हातारी त्याच्या तोंडाकडे कौतुकाने बघत होती. धाकटी एकच बाही शिवत होती आणि उसवत होती.

तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा म्हातारीने हात पुढे केला. "चल रे. धर."

थोरल्याने हाताकडे पाहिलं. "आज नको, आई. आज माझा विश्रांतीचा दिवस. आठवड्यातून एकदा स्नायूंना आराम द्यावाच लागतो, शास्त्र आहे ते."

हात तसाच राहिला. धाकटीने मशीन थांबवलं. इतके दिवस साठवलेलं सगळं त्याच्या तोंडावर मारावं असं तिला वाटलं, पण सासूकडे बघून तिला बोलवेना. पोटच्या पोराची लाज वाटल्यामुळे म्हातारीची मान खाली गेली होती, आणि धाकटीला पहिल्यांदाच तिची नुसती दया आली.

"बरोबर आहे," म्हातारी म्हणाली. "दमला असशील." मग तिने तोच हात धाकटीकडे वळवला. "ये गं."

उठायलाच दोन-तीनदा झटावं लागलं. पहिल्या पावलाला म्हातारीची नखं धाकटीच्या दंडात रुतली, दुसऱ्याला म्हातारी कळवळली. खुर्चीतून सूचना आली, "नाकाने श्वास घे, आई. पाठ ताठ." दोघी पुढे सरकत राहिल्या. दाराकडे जायचं तर खुर्चीसमोरूनच जावं लागत होतं. तिथे येऊन म्हातारी धापा टाकत थांबली. तिला आपल्या तोंडून शाबासकी हवी असणार, असं वाटून थोरला प्रसन्न हसला.

"पाय घे बाजूला," म्हातारी म्हणाली. "वाटेत येतायत."