व्हिएन्ना जीवनचं, लिस्बन मोहिनीचं

मी युरोप बोलतोय. अख्खा खंड नव्हे, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकलेला शाळेतला नकाशा. पुण्यात छापला गेलो आणि चकलांब्याच्या शाळेत येऊन भिंतीवर चढलो. किती गुरुजींच्या छड्या माझ्या नद्यांवरून फिरल्या आणि किती पोरांनी घाबरत घाबरत माझ्यावर पॅरिस शोधलं, त्याचा हिशेब नाही. माझ्यावर चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश आहे. बाहेरच्या जगात तो कधीचाच मोडला, माझ्यावर मात्र अजून गुलाबी रंगात सुखानं नांदतोय.

पुढं वर्गात पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि मला गुंडाळून कपाटामागं उभं केलं. तिथं धूळ खात असताना बिभीषण शाळेत आला. हा मेंढरं राखणारा माणूस. मेंढरं घेऊन गोदाकाठाला चाललोय, पोरांना काही दिवस सुट्टी द्या, एवढं सांगायला आला होता. जाता जाता त्याची नजर माझ्यावर पडली.

"गुरुजी, कापड जाड दिसतंय. टाकायचं आसंल तर द्या. कोकरांवर घालाया यील."

गुरुजींनी पट्ट्या काढून दिलं. पहिल्याच दिवशी एका कोकरानं माझा वरचा कोपरा चघळून खाल्ला आणि आइसलँड गेलं. ते पाहून बिभीषणच्या लेकीनं, मोहिनीनं, असा काही सूर लावला की मला कोकरांवरून काढून पोरांच्या हवाली करावं लागलं.

माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते. गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठाला त्यांचा मुक्काम असे. दुपारी मेंढरं बाभळीखाली माना घालून उभी राहत. मग मोहिनी आणि तिचा थोरला भाऊ जीवन मला जमिनीवर पसरत, कोपऱ्यांवर दगड ठेवत आणि पालथे पडून माझ्यात शिरत. एकानं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं शोधायचं. भिंतीवर असताना मला लोक लांबून बघायचे. इथं मला पहिल्यांदा कुणाच्या कोपरांचं वजन कळलं.

एके दिवशी त्यांनी शहरं वाटून घेतली.

"व्हिएन्ना माझं," जीवन म्हणाला. "नदीकाठाला हाय. मेंढरांना पाणी मिळंल."

"मंग लिस्बन माझं. समुद्राला लागून हाय."

"खारं पाणी मेंढरं पीत न्हाईत."

"मी मेंढरं नेणारच न्हाई."

एकमेकांच्या शहरावर विचारल्याशिवाय बोट ठेवायचं नाही, असंही ठरलं. जीवन रोज व्हिएन्नाच्या गोष्टी सांगे. तिथं नदीच्या वळणावर त्याचं घर होतं. पुलावरून जाताना लोक त्याला रामराम घालत. मोहिनी ऐकत राही आणि मग आपल्या लिस्बनच्या समुद्रात आणखी एक जहाज सोडून देई.

मग एका वर्षी हमरस्ता ओलांडताना ट्रक कळपात शिरला. बिभीषणचा पाय गेला. तो वाचला, पण मेंढरांमागं चालणं संपलं. जीवन नुकताच दहावी पास झालेला. कुणी त्याला शाळा सोड म्हटलं नाही. एके सकाळी त्यानं आपणहून बापाची काठी उचलली, झालं. मोहिनी आधी गेवराईच्या वसतिगृहात आणि पुढं संभाजीनगरच्या कॉलेजात गेली, भूगोल शिकायला. माझी घडी घालून त्यांच्या आईनं, सारजाबाईनं, पत्र्याच्या पेटीत गोधड्यांखाली ठेवली. त्या अंधारात मला बाभळीच्या सावलीची फार आठवण यायची.

मागच्या उन्हाळ्यात पेटी उघडली. वर मोहिनीचा चेहरा होता, आता चांगली मोठी झालेली. तिनं मला घरात जमिनीवर पसरलं.

"आबा, कॉलेजातर्फे मला एक सहामाही युरोपात शिकाया पाठवायलेत," ती म्हणाली. "खर्च समदा तेच करणार. शहर तेवढं आपण निवडायचं. यादीत लई शहरं हाईत, पण माझ्या डोळ्याला दोनच दिसली."

दाराजवळ जीवन एका मेंढीचा खूर साफ करत बसला होता. त्याचा हात थांबला.

बिभीषण काठी टेकत आला आणि माझ्याजवळ बसला. "यात आपलं गाव कुठंय?"

"आपण यात न्हाई, आबा. कडेच्या बाहेर." मोहिनीनं अंदाजानं फरशीवर तळवा टेकवला. "इथं कुठंतरी."

बिभीषणनं वीत पसरली. लिस्बनपासून निघाला, स्पेन ओलांडला, समुद्र ओलांडला, माझी कड ओलांडून फरशीवर उतरला आणि लेकीच्या तळव्याशी पोचला. मग व्हिएन्नापासून तसंच केलं.

"व्हिएन्ना जवळ पडतंय."

"जवळ हाय तर तिथंच जा माय," सारजाबाई म्हणाली.

"म्याबी तेच ठरवलंय," मोहिनी म्हणाली. "व्हिएन्ना."

हे बोलताना ती आईबापाकडं बघत नव्हती, भावाकडं बघत होती. जीवननं हातातला खूर सोडला आणि तो मेंढरांकडं निघून गेला.

ऊन उतरल्यावर तो परतला. मोहिनी अजून माझ्यापाशीच होती.

"व्हिएन्ना कावून?" त्यानं विचारलं.

"जवळ हाय. आबा म्हणलेच की."

"खरं सांग."

ती थोडा वेळ माझ्यावरची सुरकुती सारखी करत राहिली. "तू शाळा सोडली म्हणून मी शिकले, दादा. तुला जाता आलं न्हाई. निदान तुझं शहर तरी बघून येते. फोनवर तुला दाखवते समदं."

जीवन खाली बसला. "मला जाता आलं न्हाई, हे तुला कुणी सांगितलं? मेंढरांमागं चालताना मी रोज तिथं असतो. नदी कुठं वळती, माझं घर कुठंय, समदं ठावं हाय मला. तू जाऊन खरं काय ते बघून आलीस, अन् आल्यावर मला सांगितलंस, तर मग मी कुठं जाऊ?"

मोहिनीनं व्हिएन्नाजवळचा हात मागं घेतला.

"लिस्बनसाठी माझ्याशी भांडली हुतीस तू," तो हळू आवाजात म्हणाला. "आता ते सोडून माझ्या मागं कावून यायलीस? माझ्यापायी कुठं जाऊ नगंस. तुझ्या शहराला जा. माझ्या शहरात यायला मी परवानगी देत न्हाई."

ती रडता रडता हसली. त्याच बैठकीत तिनं मोबाइलवर लिस्बन निवडलं.

पोळा झाल्यावर ती गेली. जाण्याआधी जीवननं माझी फाटलेली कड चिकटवली आणि मला घरातल्या भिंतीवर टांगलं. मोहिनीचा फोन येतो तेव्हा सगळे माझ्याखालीच बसतात, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं. तिथं रस्ते चढउताराचे आहेत. पिवळ्या ट्राम घरांना घासून जातात. "नदीबी हाय इथं, दादा. लई मोठी. समुद्राला मिळती," ती म्हणाली, तेव्हा जीवननं नदीच्या मुखाशी पाण्याला खारटपणा असतो का, ते विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं चाखून सांगितलं. असतो.

एकदा ती म्हणाली, तिच्या मैत्रिणी सुट्टीत व्हिएन्नाला चालल्यात, तिलाही चल म्हणत होत्या.

"मग?" जीवननं विचारलं.

"न्हाई म्हणलं. माझ्या भावाचं शहर हाय, त्याच्यासंगंच जाईन."

त्या दिवशी जीवन बराच वेळ माझ्यासमोर उभा होता.

आज दुपारी घरात सारजाबाई आणि जीवन दोघंच होते. इतक्या वर्षांत सारजाबाईनं मला झटकलं, वाळवलं, घडी घातली, पण माझ्यात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी कुठंशी हाय, दाखव बरं." जीवननं मला खाली काढून जमिनीवर पसरलं आणि तिचं बोट धरून लिस्बनवर ठेवलं. भाकरी थापून थापून कडक झालेलं ते बोट. तिनं ते तिथंच ठेवलं, आणि जरा वेळानं विचारलं, "अन् तुझं कुठंय रे?"

जीवन चमकला. मायला हे ठाऊक असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं दाखवलं. सारजाबाईनं दुसऱ्या हाताचं बोट तिथं टेकवलं.

दोन लेकरांवर दोन हात ठेवून ती अजून बसली आहे. बाहेर मेंढरं ओरडतायत. आता कुणीतरी उठेल आणि मला पुन्हा भिंतीवर चढवेल. माझं कापड विरलंय, रंग उडालाय, फार मागणं काही नाही. मला उचलायची घाई करू नका, एवढंच.