डब्याखालची कळलावी

पानाचं टोक... वळलेलं, आत आत गोल होत गेलेलं, पिवळ्या कागदावर तपकिरी उमटलेलं — आणि कुंदाच्या हातातला तुरीच्या डाळीचा डबा तसाच अधांतरी राहिला, कारण स्वयंपाकघरातला डाग तेलाचा असतो, हळदीचा असतो, पण पानाच्या आकाराचा डाग फळीवर कुठून येईल? फळीवर अंथरलेला जुना पेपर. तीन महिन्यांपूर्वी तिनेच अंथरलेला.

"काय झालं?" बाहेरच्या खोलीतून नंदकिशोरने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. "कुकर लावून राह्यलीस की झोपलीस?"

"थांबा हो जरा!"

थांबा... काल राखी राठोड मॅडमही असंच म्हणाल्या होत्या, "थांबा काकू, भिंगातून पाहू." वयाने तिच्या मुलीएवढ्या, यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात, आणि कुंदा, सरकारी नोकरीतून निवृत्त, आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे फुकट राबायला जाते — वाळलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची, सोबतच्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायच्या. नंदकिशोर म्हणतो, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, आमची ही गवत चिकटवायला जाते. म्हणू दे. त्या खोलीतला डांबरगोळ्यांचा वास आला की तिला सकाळ झाल्यासारखं वाटतं.

तर काल मॅडमनी फुलसिंग गुरुजींचा गठ्ठा काढला होता. गुरुजी ढाणकीकडच्या एका तांड्यावरचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी रानात फिरून झाडं वाळवायचे. ते गेले तेव्हा घरच्यांनी पेटीच आणून दिली. बेचाळीस झाडं. चिठ्ठ्यांवर नाव होतं, जागा होती, पण तारखेची कड कसरीने खाल्लेली.

"काकू, त्या तांड्याजवळच्या नाल्यावर वीस वर्षांत कळलावी कोनी पाह्यली नाही," मॅडम म्हणाल्या, "अन् ही पाहा, पानाची टोकं अशी गोल वळलेली, फुलावर आहे! पण कधी फुलली? कोणत्या साली, कोणत्या महिन्यात? तारीख असली तर सांगता येते की तेव्हा अमुक दिवशी इथं ही फुलत होती, आता नाही. तारखेबिगर नुसतं वाळलं गवत." मग आवाज उतरला. "माझ्या बापाले गुरुजीनंच शाळेत घातलं. त्यांच्या नावानं हे छापून यावं, एवढंच होतं मनात. ज्या पेपरात दाबले होते ते तरी राह्यले असते, त्यावर तारीख असते... घरच्यांनीच बदलले असतील."

आणि मी गप्प बसले. कुंदे, तू गप्प बसलीस! घरच्यांनी नाही, मी बदलले. पेटी हाती आली त्या पहिल्याच दिवशी. मॅडम मारेगावला परीक्षेच्या कामाला गेलेल्या, आणि मला तो पिवळा, कुबट कागद बघवेना — मी शहाणी, उठले आणि बेचाळीसही झाडं कोऱ्या पांढऱ्या कागदात घातली, वर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. जुने पेपर? चांगला कागद कोण टाकून देतं! फळ्यांवर अंथरले, उरले ते शेजारच्या नलूला दिले, तिला पापड गुंडाळायला हवे होते. त्यांचं मोल पहिल्यांदा कळलं ते काल, मॅडमच्या तोंडून. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत सर्व्हिस बुकावर एक शेरा नाही, आणि आता हे...

पण हे! तिने डबा खाली ठेवला. मग साखरेचा, मग पोह्यांचा, मग सगळेच — ओट्यावर जागा पुरेना तेव्हा जमिनीवर. मोबाइलमध्ये काल काढलेला कळलावीचा फोटो होता. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथ्याची कड किड्याने खाल्लेली... आणि कागदावर? चौथ्याची कड खाल्लेली. तसाच अर्धा चंद्र. अगं बाई! तीच ती, मीठ-मोहरीच्या मध्ये तीन महिने निजलेली, आणि मी रोज तिच्यावरून डाळ काढून शिजवत होते. तिने श्वास रोखून कागदाची वरची कड नखाने सोडवली. शनिवार, २९ जुलै १९७८.

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही. तिने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पेपर सापडला. कळलावीचा. मी... मीच बदलले होते सगळे. काल सांगायला हवं होतं."

 

"कशाले हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. आवाजात काय होतं ते कळेना. "झाड दाबलं तेव्हा पेपर दोन दिवसांचा जुना असू शकते काकू, नाहीतर दोन वर्षांचा. एकावरून सांगता येत नाही. बाकीचे कुठी आहेत?"

"काही फळ्यांवर. काही नलूकडे."

"येऊन राह्यली मी," आणि फोन बंद.

रागावल्या असतील. रागावणारच. उद्यापासून येऊ नका म्हणतील कदाचित... तरी कुंदाच्या अंगातली तरतरी जाईना. ती डब्यांच्या गराड्यात फतकल मारून बसली. दोन दिवस की दोन वर्षं? बाकीचे एकेचाळीस ताडून पाहिले तर कळेल — आणि ते ताडून बघायला कोण बसणार, मीच ना? बसू दिलं तर! फळीवर अजून पाच कागद दिसत होते, एकावर काहीतरी बारीक, दातेरी उमटलेलं.

"वरण मिळेल का आज?" दारात येऊन उभ्या राहिलेल्या नंदकिशोरने विचारलं.

"आज नाही. आणि पाय बघून टाका."

कळलावी चिकटवायच्या जाड कागदावर एक नवी चिठ्ठी लावावी लागेल, तिच्या मनात आलं. अशा कागदावर जे घडलं ते सगळं लिहितात, खोडत काही नाहीत. मूळ कागद कुंदाने बदलले, असं. पुढे शंभर वर्षं कोणीही कॉलेजातल्या कपाटाचं दार उघडून वाचेल. कालपर्यंत या विचाराने तिला घाम फुटला असता. आता ती नुसती मजकूर जुळवत बसली होती — आडनावासकट लिहायचं, अक्षर सुवाच्य हवं, आणि खाली तारीख. तारीख पूर्ण घालायची.